परत ठेवायचं

१

सकाळी साडेनऊला टोपली उघडायची, संध्याकाळी साडेपाचला बंद करायची, आणि मधल्या वेळात तीच टोपली निदान चाळीस वेळा उघडून बघायची, याचा तिला पगार मिळत असे. हे सांगितलं की लोक हसत. मग ती त्यांच्याकडे अशी बघे की ते हसू गिळून दुसरा विषय काढत. ऑफिसात तिला पाठीमागे 'तोफ' म्हणत आणि तोंडावर 'ताई'. तिला दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलंच जास्त आवडायचं.

टोपली खरी नव्हे, स्क्रीनवरची. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी झुंजवायचे, असला एक गेम कंपनी बनवत होती. पुढे म्हणे त्यात तीनशे प्राणी येणार होते. तोफेच्या वाट्याला फक्त सुरुवात आली होती. एक छोटं घर, घरात एक म्हातारी, म्हातारीपुढे झाकणाची वेताची टोपली. "बाहेर एकटं जाऊ नये, सोबत लागते," म्हातारी म्हणायची. "कोणाला घेतेस?" मग झाकण उघडायचं आणि पांढऱ्या कापडावर तिघं बसलेली दिसायची. डावीकडे काजळ्या, काळा, केस पिंजारलेला. मध्ये मुळ्या, बटाट्यासारखा लठ्ठ आणि कायम पेंगुळलेला. उजवीकडे थेंबी, चुळबुळी, अंगापेक्षा डोळे मोठे.

खोलीत माणसंही तीनच होती. इमारतीचा तिसरा मजला, खाली टायरचं दुकान, त्यामुळे खिडकी उघडली की रबराचा वास, आणि बंद ठेवली की एकमेकांचा. काजळ्या तोफेकडे. मुळ्या काकांकडे, काकांनी एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली होती आणि निवृत्तीनंतर ते इथे गेममधली वाक्यं तपासायला आले होते. थेंबी घाईकडे. घाई चोवीस वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, आणि स्क्रीनवर प्रश्न पूर्ण उमटायच्या आत हिचं बटण दाबून झालेलं असायचं. "वाचत जा आधी!" हे वाक्य तोफेनं तिला अकरा महिन्यांत इतक्या वेळा ऐकवलं होतं की काका ते तिच्या जोडीनं पुटपुटत.

खोलीचा नियम एकच होता. प्राणी निवडला की तो टुणकन बाहेर उडी मारायचा, आणि म्हातारी विचारायची, "नक्की?" खाली दोन शब्द यायचे: हो, नाही. इथे 'नाही' दाबायचं. प्राणी टोपलीत परत जायचा, झाकण पडायचं, सगळं पहिल्यापासून सुरू. 'हो' म्हटलं की गेम सेव्ह व्हायचा, सुरुवात संपायची आणि ते मशीन यांच्या कामातून जायचं. 'हो'च्या पुढचं काम दुसऱ्या खोलीकडे होतं. म्हणून काकांनी आपल्या वळणदार अक्षरात तीन चिठ्ठ्या लिहून तिन्ही स्क्रीनवर डकवल्या होत्या: परत ठेवायचं. झाकण पडायला चार सेकंद लागत. कमी नाही, जास्त नाही. तोफेनं स्टॉपवॉच लावून ते हजारदा मोजले होते.

सापडलेला प्रत्येक बग, म्हणजे गेममधली चूक, ती लिहून वर पाठवी. चौथ्या मजल्यावरचा डेव्हलपर तिनं कधी पाहिला नव्हता. त्याची उत्तरं तेवढी येत. 'निवड न करण्याची सोय नाही,' तिनं लिहिलं होतं. उत्तर: 'असंच हवं आहे.' 'झाकण पडल्यावर आतून खरवडल्याचा आवाज.' उत्तर: 'आढळला नाही. बंद.' गेल्या पंधरवड्यात तिनं एक नवीनच लिहिलं होतं. थेंबी मधूनच पुढचा पाय उचलून मनगटाच्या उलट्या बाजूनं नाक वर ढकलायची. नाकावर काही नसताना. घाई आपला चष्मा अगदी असाच वर ढकलायची, हात खाऊनं माखलेले असोत की नसोत.

उत्तर: 'आढळलं नाही. बंद.'

वरची कार्टी आपल्यावर पाळत ठेवून चित्रं काढतात, हे तोफेनं तेव्हाच ठरवून टाकलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तिनं टाच जमिनीवर आपटली, आणि स्क्रीनवर काजळ्यानंही मागचा पाय आपटला.

२

भांडण झालं ते बुधवारी दुपारी.

घाईचं मशीन अडकलं होतं म्हणून ती तोफेच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला ती खुर्ची तशीही आवडायची. तीच एक डुगडुगत नसे. तोफ हात धुवून परत आली तर घाई स्क्रीनकडे बघत पांढरीफटक पडली होती. तोफेनं तीन आठवडे खपून तयार केलेली, अजून वर न पाठवलेली यादी, दोनशे बारा बग, पायरी पायरीनं लिहिलेले, सगळे पुसले गेले होते.

"मला वाटलं, ते खिडकी बंद करू का विचारतंय," घाई म्हणाली.

"काय विचारलं होतं?"

"नाही वाचलं."

"नाही वाचलं! डोळ्यांवर दोन काचा लावून फिरतेस त्या काय शोभेला?" तोफ सुटली. "तीन आठवडे! तुला सांगून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या खुर्चीत बसायचं, माझ्या मशीनला हात लावायचा, आणि वर तोंड करून सांगायचं, नाही वाचलं!"

"ताई, मी परत लिहून देते, रात्रंदिवस बसून..."

"नको. तू नसतीस ना, तर बरं झालं असतं."

काकांनी प्रुफातून मान वर केली. "अगं, जरा जपून," ते म्हणाले, पण घाई तोवर उठून बाहेर गेली होती. जाताना तिनं मनगटानं चष्मा वर ढकलला, की डोळे पुसले, ते पाठीमागून कळलं नाही.

तोफ खुर्चीत आदळली. खुर्ची अजून गरम होती, त्याचाही तिला राग आला. तिनं गेम सुरू केला. कोणाला घेतेस? काजळ्या. काजळ्या उडी मारून बाहेर आला. नक्की? समोर काकांची चिठ्ठी होती. माझं तीन आठवड्यांचं काम पुसलं गेलं त्याचं कुणाला काही नाही, आणि मी मात्र परत ठेवत बसू! तिनं 'हो' दाबलं. दाबताना अंगठ्याचं नख पांढरं झालं.

झाकण पडू लागलं. थेंबी आणि मुळ्या खालून वर बघत होते. तिच्याकडे नव्हे, काजळ्याकडेही नव्हे. झाकणाकडे बघत होते. चौथ्या सेकंदाला ते मिटलं, आणि आत काहीतरी खरवडलं. खाली अक्षरं उमटली: तुझी सोबत ठरली.

'होऊ दे,' तोफ मनाशी म्हणाली. 'आभाळ थोडंच कोसळणार आहे!'

३

घाई त्या दिवशी परत आली नाही. गुरुवारी सकाळीही आली नाही. अकरा वाजता तोफेचा राग उतरला आणि तिथे लाज येऊन बसली. आणि लाज वाटली की तिला पुन्हा राग यायचा.

"फोन तरी करा तिला," ती काकांना म्हणाली. "माझा उचलणार नाही."

"कुणाला?"

"घाईला."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "कसली घाई?"

"काका, पुरे. कालचं मी जास्त बोलले, मान्य. पण हा पोरखेळ नको."

काकांच्या चेहऱ्यावर पोरखेळ नव्हता. होती ती काळजी, आणि ती घाईची नव्हती, तोफेची होती. तोफ वळली. तिसऱ्या टेबलावर वायरींची वेटोळी आणि रिकामी खोकी रचलेली होती. खोक्यांवर धूळ होती. काल तिथे माणूस बसत होता, आणि धूळ निदान वर्षाची होती. कपाटावर तीन कप असायचे. तिथे दोन होते, आणि तिसऱ्याच्या जागी चहाच्या डागाचं वर्तुळ.

"आपण इथे किती जणं आहोत?" तिनं हळू विचारलं. तिचा आवाज हळू झाला की तो जास्त वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोघं," काका म्हणाले. "तू आणि मी. अगं, बरं वाटत नाही का तुला?"

तिनं त्यांच्या स्क्रीनकडे बोट केलं. टोपली उघडी होती. डावीकडे काजळ्या, शेजारी मुळ्या. उजवीकडे कापडाला खळगा पडला होता, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा.

"आणि यात किती?"

"दोघं. दोघंच तर असतात."

तोफेनं टेबलावर इतक्या जोरात हात मारला की काकांची पेन्सिल कानावरून पडली. मग ती तिसऱ्या टेबलाशी गेली, एकेक खोकं जमिनीवर फेकू लागली, आणि अगदी तळाच्या खोक्यात काही नाही हे बघेपर्यंत थांबली नाही.

४

घाईचं घर तिला ठाऊक होतं. एकदा पावसापाण्याची तिला सोडायला गेली होती. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे पोचली. दुसरा मजला, दाराशी पायपुसणं, आतून शिवणयंत्राची घरघर. दार घाईच्या आईनं उघडलं. तेच डोळे, तीच बडबडायची तयारी.

"तुमच्या मुलीला भेटायचंय. मी तिच्या ऑफिसातली."

"मला मुलगी नाही हो," बाई म्हणाली. "दोन मुलगे आहेत, ते कामावर गेलेत. शेजारी विचारता का?"

तोफेनं शेजारी विचारलं नाही. ती सरळ आत शिरली. भिंतीलगत दोन पलंग, आणि तिसरा घडी करून उभा ठेवलेला. त्याच्यावर पांघरूण तसंच अडकलेलं. यंत्रावर एका पंजाबी ड्रेसची बाही अर्धी शिवलेली, पोपटी रंगाची. घाई पोपटी सोडून दुसरं काही घालत नसे, आणि त्यावरूनही तोफेनं तिला छळलं होतं.

"हा कुणाचा?"

बाईनं बाहीकडे पाहिलं. "गिऱ्हाइकाचा असेल."

"असेल म्हणजे? माप कुणाचं घेतलंत?"

"तुम्ही कोण, आणि घरात घुसून मला काय विचारता?" बाई चिडली. मग तिचा आवाज एकाएकी खाली आला. तिनं यंत्राचा खण उघडला आणि आतून एक जुना चष्मा काढला. एक काडी दोऱ्यानं बांधलेली, भिंगं बाटलीच्या बुडासारखी. "बरं झालं आलात. हा कुणाचा ते सांगता का? आमच्यात कुणाला चष्मा नाही. सकाळपासून तीनदा टाकायला निघाले. टाकवत नाही."

"तुमच्या मुलीचा आहे!" तोफ ओरडली. "आई ना तुम्ही? नऊ महिने पोटात वाढवलीत, चोवीस वर्षं घरात, आणि एका दिवसात पुसली? लाज नाही वाटत?"

बाई रडू लागली. का रडतोय हे आपल्याला कळत नाही म्हणून ती आणखी घाबरली, आणि चष्मा तोफेच्या हातात कोंबून तिनं दार लावून घेतलं. जिन्यात उभी राहून तोफेनं भिंतीवर मूठ आपटली. ती त्या बाईवर ओरडली होती, पण प्रत्येक शब्द उलटा येऊन तिलाच लागला होता. नसतीस तर बरं झालं असतं, असं बाई म्हणाली नव्हती.

५

ऑफिसात परत येऊन ती आपल्या मशीनपुढे बसली. सेव्ह झालेला गेम पहिल्यांदाच पुढे चालवला. घराबाहेर हिरवं माळरान होतं, आणि तिच्या मागून काजळ्या चालत होता, तिच्यासारखाच टाचा आपटत. ती माळावर गेली नाही. मागे वळून म्हातारीच्या घरात शिरली. म्हातारी नव्हती. टोपली होती, झाकण मिटलेलं. तिनं बटण दाबलं.

स्क्रीनवर वाक्य आलं: टोपलीत कोणी नाही.

"काका, हे वाचा."

काका उठून आले. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. एखाद्या वाक्यात काना चुकला तर त्यांची भुवई जशी चढे तशी चढली.

"हे मी पास केलेलं नाही," ते म्हणाले. "इथे 'टोपली बंद आहे' असं वाक्य आहे. माझ्या कागदावर आहे. हे कुणी बदललं?"

"वरच्यानं?"

"वरचा वाक्यं लिहीत नाही. वाक्यं माझ्या हाताखालून जातात." ते आता घाबरले होते, पण त्यांच्या तऱ्हेनं, नीटनेटकं. "खोटं वाक्य आहे हे. टोपलीत कुणीतरी आहे."

त्यांनी हेडफोन लावले, एक कान तिच्याकडे दिला. दोघं डोक्याला डोकं लावून ऐकत राहिली. खरवडणं नव्हतं. वेताच्या विणीवर टकटक चालली होती, खूप भरभर, थांबून पुन्हा भरभर. घाई अशीच बटण दाबायची, प्रश्न उमटायच्या आधी.

"कोण आहे ती?" काकांनी विचारलं. तोफेला भडभडून आलं, कारण ते 'ती' म्हणाले होते.

तिनं त्यांना सगळं सांगितलं, 'हो' दाबलं तेही. खिशातला चष्मा टेबलावर ठेवला. काकांनी चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी उघडून बघितली. "मला काही आठवत नाही," शेवटी ते म्हणाले, "पण तू रागीट आहेस, खोटारडी नाहीस. उद्या सकाळी वर जाऊ. दोघं जाऊ. मी माझे कागद घेतो." त्यांनी 'टोपली बंद आहे' या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद घडी करून खणात ठेवला. निघताना दारातून ते मागे वळले. "मुळ्या माझा आहे ना गं?"

"हो, काका. का?"

"काही नाही," ते म्हणाले. "उगीच."

शुक्रवारी सकाळी खोलीत एकच टेबल होतं.

६

साहेब अठ्ठेचाळीस वर्षांचे, सौम्य, आणि कुणी आवाज चढवला की टेबलावरच्या पिना गोळा करणारे. तोफेनं त्यांच्यापुढे आवाज चढवला तेव्हा त्यांनी सगळ्या पिना गोळा केल्या आणि पुन्हा पसरून पुन्हा गोळा केल्या.

"त्या खोलीत तुम्ही एकट्याच आहात," ते म्हणाले. "पहिल्यापासून. दुसरं कुणी दिलं होतं, पण टिकलं नाही. तुमचा स्वभाव... आता काय सांगू."

"कुणाला दिलं होतं? नावं सांगा."

"नावं आठवत नाहीत."

"मग ही चिठ्ठी कुणाच्या हातची?" तिनं स्क्रीनवरून उपटून आणलेला कागद पुढे आपटला. परत ठेवायचं. 'ठे'ची मात्रा वेलीसारखी वळलेली.

"अक्षर तुमचंच की," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्या हजेरीच्या अर्जाशी तो कागद जुळवून दाखवला. जुळत होता. मात्रा तशीच वळलेली. तोफेचं अक्षर उभ्या जन्मात कधी वळणदार नव्हतं.

तिनं जिन्यानं चौथा मजला गाठला. तिथे एक दार होतं, दाराला कुलूप होतं, कुलूप गंजलेलं होतं. ती दारावर लाथा मारत राहिली. खालून टायरच्या दुकानातला माणूस ओरडला, "अहो बाई, तिथे कोणी नसतं!" तेव्हा ती थांबली, आणि फोन काढून जिन्यातच बसून बग लिहिला. आयुष्यातला सगळ्यात छोटा. 'दोन माणसं नाहीत.'

उत्तर लगेच आलं. 'आढळली नाहीत. बंद.'

खोलीत येऊन ती एकुलत्या एका खुर्चीत बसली. खिशातला चष्मा चाचपला. होता. दोरा बोटाला लागला. तरीही तिच्या मनात पाल चुकचुकली, ती वेगळीच. साहेब खरं बोलत असतील तर? आपल्या तोंडापुढे इथे कुणी टिकलंच नसेल, आणि एकटेपणा सोसेना म्हणून आपणच एक म्हातारा आणि एक पोरगी रचली असेल तर? चष्मा काय, एखाद्या वेड्या बाईच्या खिशात काहीही सापडतं.

'मग त्या बाईला रडू का आलं?' तिनं स्वतःलाच फटकारलं, आणि त्या रागानं तिचं डोकं ताळ्यावर आलं. राग हा तिचा एकमेव विश्वासू माणूस होता.

तिनं गेमचं पहिलं पान उघडलं. 'पुढे चला'च्या खाली बारीक अक्षरांत होतं, 'नव्यानं सुरू करा'. तिनं ते दाबलं. आणि मग अकरा वर्षांच्या नोकरीत वाचलं नसेल इतकं सावकाश, शब्दावर बोट ठेवून तिनं पुढचं वाक्य वाचलं.

'नव्यानं सुरू केलं तर तुझी सोबत टोपलीत परत जाईल. चालेल?'

सोबत म्हणजे काजळ्या. काजळ्या कोणाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती परत जाईल म्हणजे आपण कुठे जाऊ, याचा तिनं विचार केला. मग घडी करून उभा केलेला तो पलंग तिला आठवला.

"चालेल," ती मोठ्यानं म्हणाली. "चालेल, मेल्यांनो!" आणि तिनं 'हो' दाबलं.

स्क्रीन काळी झाली. झाकण उचललं जाऊ लागलं, आणि आत उजेड शिरण्याआधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तिला टोपलीच्या अंधारात एक हात दिसला. पंजा नव्हे. हात. पोपटी बाहीतला. मनगटाची उलटी बाजू नाकाशी जात होती.

मग उजेड पडला. कापडावर काजळ्या, मुळ्या, थेंबी. तिघं.

७

"ताई, चुकलं माझं."

तोफ गर्रकन वळली. दारात घाई उभी होती. डोळे सुजलेले, नाक लाल, हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे तीन कप. कोपऱ्यात काका प्रुफावर पेंगत होते, पेन्सिल कानावर. खोलीत तीन टेबलं होती, तिसऱ्यावर धूळ नव्हती.

"किती वेळ गेली होतीस?" तोफेनं विचारलं.

"दहा मिनिटं. खाली जाऊन रडले जरा." घाईनं ट्रे ठेवला. "तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी वाचत नाही. पण आता..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तोफेनं उठून तिला मिठी मारली. या खोलीत कुणी कुणाला मिठी मारल्याचं हे पहिलंच उदाहरण. काका जागे झाले, डोळे चोळून बघू लागले. तोफ रडत होती आणि रडता रडता शिव्या देत होती, घाईला, काकांना, साहेबांना, सगळ्यांत जास्त स्वतःला. "मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "ऐकतेस का? नको होतं. तू हवीस. पोपटी ड्रेससकट हवीस."

"अय्या," घाई म्हणाली. ती इतकी खूश झाली की तिला काय करावं कळेना. आणि काय करावं कळलं नाही की ती कामाला लागायची. "तुम्ही बसा. चहा प्या. पुसलेली यादी मी करते ना परत, आत्ता सुरुवात करते." आणि ती तोफेच्या न डुगडुगणाऱ्या खुर्चीत जाऊन बसली.

टोपली अजून उघडीच होती. मशीन बंद करायचं राहिलं होतं.

"घाई, हात लावू नकोस," तोफ म्हणाली. तिनं टेबलाशी झेप घेतली, आणि तिची मांडी ट्रेच्या कोपऱ्याला लागली. "बटण दाबू नकोस! वाचत जा आधी!"

काकांनी सवयीनं तिच्या जोडीनं ते पुटपुटलं. घाईला हसू आलं. तिचं बोट तोवर थेंबीवर पडलं होतं. थेंबी उडी मारून बाहेर आली. म्हातारीनं विचारलं, "नक्की?" आणि प्रश्न पूर्ण उमटायच्या आत घाईचं बटण दाबून झालं होतं.

चार सेकंद.

पहिला तोफेनं ओरडण्यात घालवला. ओरडण्याचा आवाज निघाला नाही. दुसऱ्यात छत खाली आलं, आणि ते विणलेलं होतं, त्याला जुन्या वेताचा वास होता. तिसऱ्यात तिनं वर पाहिलं. उजेडाची पट्टी अरुंद होत होती, आणि पट्टीत घाईचा प्रचंड मोठा चेहरा, दोन भिंगं, अजून हसणारा. तिला सांगायचं होतं की माझा राग आता खरंच गेलाय. शेजारी मुळ्या पेंगत होता. काकांना अजून एक दिवस होता.

चौथ्यात काही दिसलं नाही. झाकणापलीकडून आवाज तेवढे येत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज. काकांचं खाकरणं. मग घाईचा आवाज, थोडा गोंधळलेला.

"अगं बाई! काका, तीन कप कशाला आणले मी?"

"आणलेस तर आणलेस," काका म्हणाले. "दे, मी घेतो दोन."

तोफेनं नखांनी वेत खरवडला. वर कप ठेवल्याचा आवाज झाला.

"काका, झाकणाखालून काहीतरी आवाज येतोय," घाई म्हणाली. "लिहू का वर?"

"लिही की."

कीबोर्ड वाजला, भरभर. उत्तर यायला वेळ लागला नाही.